ठसा त्यांचा, कार्ड आमचं

पहिली दोन वर्षं आम्ही हातानं केलेल्या कार्डांच्या फोटोवर नाव टाकत नव्हतो. वन्सं रबरी ठसे उमटवायच्या, मी रंग भरायचे आणि उजेड जायच्या आत खिडकीशी कार्ड टेकवून फोटो काढायचा. त्या फोटोंवरच ऑर्डरी यायच्या. एकदा एका ग्राहक बाईंनी विचारलं, "तुम्ही दुसऱ्या नावानंही विकता का?" त्यांनी दाखवलेल्या ऑनलाइन दुकानात आमचंच कार्ड होतं. गरम हवेची हीट गन जास्त वेळ धरल्यानं एका पाकळीवरची एम्बॉसिंग पावडर (तापवली की वितळून उठाव देणारी पूड) कागदात मुरली होती, ती मळकट पाकळीसुद्धा तशीच.

त्याच रात्री वन्संनी सगळ्या फोटोंच्या कोपऱ्यात आमचं नाव टाकलं. महिनाभरात तो कोपरा कापलेले फोटो फिरायला लागले. तेव्हापासून वॉटरमार्क, म्हणजे फोटोवरचं नाव, रिकाम्या कागदावर टाकत नाही. रेषा आणि रंग जिथे दाट असतात तिथे, फिकट अक्षरांत टाकतो. तिथून पुसायला गेलं की चित्रही बिघडतं. फोटोची लांब बाजू १००० पिक्सेल ठेवतो. पडद्यावर तेवढं पुरतं, ३०० डीपीआयनं, म्हणजे इंचाला ३०० ठिपके धरून, छापलं तर जेमतेम साडेआठ सेंटिमीटर भरतं. मूळ मोठी फाइल आमच्याकडेच राहते. मेटाडेटातही, म्हणजे फोटोच्या फाइलमध्येच साठवलेल्या माहितीत, नाव भरतो, पण फोटो चढवताना बरीच समाजमाध्यमं ते काढून टाकतात, म्हणून भिस्त त्यावर नाही.

खरा धडा मात्र आमच्याच चुकीनं मिळाला. आम्ही प्रत्येक वॉटरमार्कात नावाआधी वर्तुळातला सी, म्हणजे कॉपीराइटचं चिन्ह, टाकायचो. शिवाय जास्त खपणारं एक कार्ड स्कॅन करून त्याच्या छापील प्रती विकत होतो. ठसे बनवणाऱ्या कंपनीचं पत्र आलं: "रबर तुम्ही विकत घेतलंत, चित्र नाही. चित्राचा हक्क आमच्याकडेच आहे. हातानं ठसा उमटवून केलेली कार्डं खुशाल विका, पण त्याची यांत्रिक प्रत काढायला परवानगी नाही." या धंद्यात अशा नियमांना एंजल पॉलिसी म्हणतात. प्रत्येक कंपनीची वेगळी असते. कुणी कार्डांच्या संख्येवर मर्यादा घालतं, कुणी मागे आपलं नाव लिहायला सांगतं, कुणी विक्रीच नाकारतं. आम्ही एकही वाचलेली नव्हती. आमचा फोटो चोरीला गेला म्हणून रडणाऱ्या आम्ही, दुसऱ्याच्या रेषेवर आमचं नाव लावून बसलो होतो. उरलेल्या प्रती त्याच दिवशी फाडल्या.

मग बसून नीट समजून घेतलं. ठशातलं चित्र एकाचं, कार्डाची मांडणी आणि रंगकाम आमचं, फोटो ज्यानं काढला त्याचा. हक्कासाठी नोंदणी लागत नाही, चिन्हही लागत नाही. बर्न कराराला, म्हणजे कॉपीराइटच्या आंतरराष्ट्रीय कराराला, १९०८ साली बर्लिनमध्ये झालेल्या दुरुस्तीनं सदस्य देशांसाठी अशा अटी काढून टाकल्या. म्हणजे वॉटरमार्कमुळे हक्क तयार होत नाही आणि तो नसला म्हणून हक्क जात नाही. त्यानं फक्त हे काम कुणाचं आहे ते पाहणाऱ्याला कळतं.

कल्पनेवर मात्र कुणाचाच हक्क नसतो. आमची घडी किंवा रंगसंगती पाहून कुणी स्वतःच्या हातानं कार्ड केलं, तर माझी हरकत नाही. वन्संना ते अजून लागतं. त्या म्हणतात, निदान नाव तरी सांगावं. कायदा माझ्या बाजूनं असला, तरी त्यांचं म्हणणं मला पटतं.

त्या दुकानाची तक्रार आम्ही ते ज्या संकेतस्थळावर होतं तिथे केली, मूळ फाइल आणि त्या मळकट पाकळीच्या कार्डाचा जवळून काढलेला फोटो जोडून. आमचा फोटो तिथून उतरला.

आता प्रत्येक कार्डामागे "हातानं ठसा उमटवलेलं" असं लिहून ठशाच्या कंपनीचं नाव देतो, आणि वॉटरमार्कात "मांडणी व फोटो" एवढंच म्हणून आमचं. गेल्या वर्षापासून वन्सं स्वतः रबर कोरतात. आतापर्यंत अकरा ठसे झालेत. त्या कार्डांच्या फोटोवर वर्तुळातला सी पुन्हा लावला आहे, आणि त्यापुढे नाव फक्त वन्संचं.