डेस्कटॉप कामाला द्या, ॲपला नाही

लॅपटॉपच्या एका पडद्यावर भाषांतर, बँकेची कामं आणि व्हॉट्सॲप एकदम उघडून बसलं की खालच्या टास्कबारवर आयकॉनची गर्दी होते आणि हवी ती विंडो शोधण्यातच लक्ष उडतं. एकाहून जास्त डेस्कटॉप, म्हणजे एकाच पडद्यावर आळीपाळीने दिसणारे आणि आपापल्या विंडो सांभाळणारे वेगळे पडदे, करायची सोय २०१५ साली विंडोज १० बरोबर आली. ती वापरणारे पुष्कळजण ब्राउझरला एक डेस्कटॉप, वर्डला दुसरा, एक्सेलला तिसरा अशी वाटणी करतात. मला ती पटत नाही. भाषांतर करताना मूळ पीडीएफ, वर्ड आणि शब्दकोश एकाच वेळी लागतात. ते तीन ठिकाणी पांगले, तर दर वाक्याला उड्या माराव्या लागतात.

माझे डेस्कटॉप तीनच: ‘लेखन’, ‘पत्रव्यवहार’, ‘हिशेब’. क्रम ठरलेला, तो मोडायचा नाही. मेल उजवीकडे एका उडीवर आहे हे बोटांना पाठ झालं की डोळ्यांनी शोधावं लागत नाही. चाराच्या वर गेलं की ही सवय लागतच नाही.

विंडोज ११ मध्ये विंडोज, कंट्रोल आणि डी एकत्र दाबलं की नवा डेस्कटॉप तयार होतो. विंडोज, कंट्रोल आणि डावा-उजवा बाण दाबून इकडून तिकडे जायचं. विंडोज आणि टॅब दाबल्यावर खाली सगळे डेस्कटॉप दिसतात. नावावर क्लिक करून ते बदलता येतं आणि विंडो ओढून दुसऱ्या डेस्कटॉपवर टाकता येते. शब्दकोशासारखी सगळीकडे लागणारी विंडो असेल तर तिथेच तिच्यावर राइट-क्लिक करून ती सर्व डेस्कटॉपवर दाखवायला सांगावं. व्हॉट्सॲपला मात्र ही सवलत अजिबात देऊ नये, नाहीतर वेगळे डेस्कटॉप करून उपयोग काय! सेटिंग्ज, सिस्टम, मल्टिटास्किंग इथे टास्कबार आणि आल्ट-टॅब दोन्हींसाठी ‘फक्त चालू डेस्कटॉपवरच्या विंडो’ हा पर्याय आहे ना, तेवढं तपासून घ्यावं.

आता ‘लेखन’ डेस्कटॉप. विंडोज आणि डावा बाण दाबून पीडीएफ डावीकडे लावली, उजवीकडे वर्ड लावलं की पडदा निम्मा-निम्मा वाटला जातो. हे मराठीला पुरत नाही. १९२० × १०८० चा पडदा १२५ टक्के स्केलवर, म्हणजे सगळं सव्वापट मोठं दिसेल असा लावलेला असेल, तर प्रत्यक्ष वापरायला १५३६ पिक्सेल रुंदी उरते, म्हणजे निम्म्यात ७६८. वर्डमध्ये १०० टक्के झूमला ए-फोर पानाला जवळपास ७९४ लागतात. पान थोडक्यात मावत नाही, मग आपण झूम कमी करतो, आणि तिथेच घात होतो: अनुस्वार राहिला की टंकला, ‘कि’ झालं की ‘की’, हे बारीक अक्षरात नजरेतून सुटतं. दोन विंडोंच्या मधली कड धरून डावीकडे सरकवावी आणि वर्डला साठ टक्के जागा द्यावी. ९२० पिक्सेलच्या आसपास मिळतात, पान ऐसपैस बसतं. पीडीएफ रुंदीला फिट करून चालते. तिथे फक्त वाचायचं असतं.

मराठीत लिहिणाऱ्यांनी आणखी एक सेटिंग लगेच बदलावं. एरवी कीबोर्डची भाषा सगळ्या विंडोंना मिळून एकच असते. वर्डमध्ये मराठी चालू ठेवून ब्राउझरमध्ये पत्ता टाइप करायला गेलं, की तिथे देवनागरी अक्षरं उमटतात. सेटिंग्ज, टाइम अँड लँग्वेज, टायपिंग, ॲडव्हान्स्ड कीबोर्ड सेटिंग्ज इथे प्रत्येक विंडोसाठी वेगळी इनपुट पद्धत वापरण्याचा चौकोन आहे. तो टिकमार्क करावा. मग प्रत्येक विंडोत विंडोज आणि स्पेस दाबून एकदा भाषा निवडली की ती विंडो बंद होईपर्यंत तीच राहते.

विंडोज, कंट्रोल आणि एफ-४ दाबल्यास चालू डेस्कटॉप जातो, पण त्यावरच्या विंडो बंद न होता शेजारच्या डेस्कटॉपवर जाऊन पडतात; ‘हिशेब’ बंद केला की पासबुकाची पीडीएफ मेलच्या शेजारी उगवते ती यामुळेच. म्हणून आधी विंडो बंद कराव्यात, मग डेस्कटॉप. रीस्टार्टनंतर डेस्कटॉपची नावं टिकतात, पण ॲप आपापल्या जागी परतत नाहीत. त्यामुळे सकाळी आधी डेस्कटॉपवर जायचं आणि मगच त्याचे ॲप उघडायचे.