तुम्ही विचारलंत म्हणून: तालुक्याच्या कॉलेजात यावं का?

बारावीचा निकाल लागला की हा प्रश्न मला वाटेत, लग्नात, एसटीत, कुठेही गाठतो. "मॅडम, पोराला इथंच घालू का साताऱ्याला धाडू?" कधी वडील विचारतात, कधी मामा, क्वचित मुलगी स्वतः. तुम्ही विचारलंत म्हणून एकदा सविस्तर लिहिते. मी सातारा जिल्ह्यातल्या माण-खटाव या दुष्काळी भागातल्या एका छोट्या वरिष्ठ महाविद्यालयात भूगोल शिकवते. इथे सगळे त्याला 'सिनियर कॉलेज' म्हणतात.

माझं उत्तर असं आहे: रोज येणार असाल तर जरूर या. नुसतं नाव घालून ठेवायचं असेल तर येऊ नका, त्यात तुमचं नुकसान आहे.

हे एवढं ठासून सांगते, कारण आमच्याकडे नाव घालून गायब होणं सर्रास चालतं. प्रवेश घ्यायचा आणि चाकण-रांजणगावला कंपनीत लागायचं, किंवा पोलीस-सैन्य भरतीच्या अकॅडमीत जायचं, किंवा मामाच्या गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या, दुकानात परमुलखात. सेमिस्टरच्या परीक्षेला तेवढं उगवायचं. घरची ओढ मला कळते. पाऊस नाही, विहिरीला पाणी नाही, धाकटी भावंडं शिकायची आहेत, तर पोरगं चार पैसे कमवणारच. अशा मुलाला मी मुक्त विद्यापीठाचं नाव सुचवते. नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून नेमकं अशांसाठी आहे. काम करत शिकण्याची तिथली व्यवस्था सरळ आहे, हजेरीची लपवाछपवी करावी लागत नाही.

पण रोज येऊ शकणाऱ्या मुलाला छोट्या कॉलेजात जे मिळतं, ते मी स्वतः बघत आले आहे. पहिल्या वर्षाला वर्ग भरलेला असतो. तिसऱ्या वर्षी भूगोल स्पेशल घेणारी दहा-बारा मुलं उरतात. आम्ही टेबलावर आमच्याच भागाचा स्थलनिर्देशक नकाशा पसरतो, १:५०,००० चा. मुलं आधी आपलं गाव शोधतात, मग गावातलं देऊळ, मग ओढा. समोच्च रेषा जवळजवळ आल्या की चढ तीव्र, हे वाक्य पुस्तकात सगळ्यांनीच वाचलेलं असतं. पण महादेव डोंगराच्या ज्या उतारावर आपली शेरडं चरतात, तो उतार त्या रेषांत दिसला की मुलांचे चेहरे बदलतात. मग समतल फलक, म्हणजे मोजणी करून जागेवरच नकाशा काढायचं तिपाईवरचं टेबल, घेऊन आम्ही मैदानात जातो. दहा-बारा मुलं असली की प्रत्येकाच्या हातात अॅलिडेड, म्हणजे नेम धरून दिशा आखायची पट्टी, येते, प्रत्येकाला चूक करून पुन्हा मोजायला वेळ मिळतो. बघ्याची भूमिका कुणाच्याच वाट्याला येत नाही. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेतही हेच. उपकरणं जुनी असतील, पण ब्युरेट, द्रव थेंबाथेंबानं मोजून सोडायची काचेची नळी, तुम्हालाच धरावी लागते. मोठ्या शहरातल्या नावाजलेल्या कॉलेजात ही गोष्ट सहज मिळेल, असं समजू नका.

आणि शिक्षक तुम्हाला नावानं ओळखतात. तुम्ही तीन दिवस आला नाहीत तर चौथ्या दिवशी कुणीतरी तुमच्या गावच्या पोराला विचारतं. काही मुलांना हे नकोसं वाटतं. मला ती या कॉलेजांची सगळ्यात मोठी ताकद वाटते.

आता जे नाही तेही ऐका. विषय कमी असतात. नवीन शैक्षणिक धोरण संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून लागू झालं. त्यात मेजर-मायनरची, म्हणजे मुख्य आणि दुय्यम विषयाची, भाषा आली, मुलांना वाटलं आता हवं ते घेता येईल. प्रत्यक्षात कॉलेजात जे विषय तिसऱ्या वर्षापर्यंत शिकवले जातात, त्यांतलाच मेजर घ्यावा लागतो. तुम्हाला मानसशास्त्र हवं असेल आणि ते इथे फक्त पहिल्या वर्षाला असेल, तर तुमचं कॉलेज हे नाही. चौथं, ऑनर्सचं वर्षही छोट्या कॉलेजात असेलच असं धरून चालू नका. एम.ए., एम.एस्सी. करायची तर बहुतेकांना पुढे घर सोडावंच लागतं. आमची मुलं साताऱ्याला, कराडला, कोल्हापूरला जातात.

त्याहून महत्त्वाचं आहे ते शिक्षकांचं. राज्यभर वरिष्ठ महाविद्यालयांत सहायक प्राध्यापकांच्या बऱ्याच जागा रिकाम्या आहेत आणि त्या जागांवरचे तास 'सीएचबी'चे, म्हणजे घड्याळी तासिकांवरचे शिक्षक घेतात. त्यांतले कितीतरी नेट-सेट या प्राध्यापकपदाच्या पात्रता परीक्षा पास झालेले, पीएच.डी. केलेले आहेत आणि जीव तोडून शिकवतात. पण त्यांची नेमणूक दरवर्षी नव्याने होते, मानधन तुटपुंजं आणि तेही उशिरा. तासिका सुरू व्हायलाच कधी सत्राचे काही आठवडे गेलेले असतात. म्हणून प्रवेश घेण्याआधी तुमच्या मेजर विषयाला पूर्णवेळ शिक्षक किती, हे कॉलेजात जाऊन विचारा. विचारायला संकोचू नका, तो तुमचा हक्क आहे. नॅक ही कॉलेजांचं मूल्यांकन करणारी संस्था, तिची श्रेणी फलकावर मोठ्या अक्षरांत असते, ती बघा, पण एवढ्यावर ठरवू नका. जुलै-ऑगस्टात एखाद्या कामकाजाच्या दिवशी, आठवडे बाजाराचा दिवस सोडून, दुपारी एकदा कॉलेजात चक्कर मारा. वर्ग चालू आहेत का, ग्रंथालयात कुणी बसलंय का, हे डोळ्यांना दिसतं. तोवर प्रवेश होऊन जाणार असेल, तर त्याआधीच तिथे शिकणाऱ्या मुलांना विचारा. ती खरं सांगतात.

खर्चाचं थोडक्यात. एकाच इमारतीत बी.ए. अनुदानित असतं आणि शेजारच्या वर्गातलं बी.एस्सी. कॉम्प्युटर विनाअनुदानित, आणि दोन्हींच्या फीमध्ये मोठं अंतर असतं. अर्ज भरताना तुकडी कोणती हे स्पष्ट विचारून घ्या. बी.बी.ए., बी.सी.ए.ला २०२४ पासून राज्याची सीईटी आली आहे. ती दिली नाही म्हणून निकालानंतर हळहळणारी मुलं मी पाहिली आहेत, तेव्हा बारावीत असतानाच तारखांवर लक्ष ठेवा. महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावरचा शिष्यवृत्तीचा अर्ज दरवर्षी भरावा लागतो. पहिल्या वर्षी मिळाली म्हणून दुसऱ्या वर्षी आपोआप येत नाही. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, लागू असेल तर नॉन-क्रीमीलेअर आणि आधार जोडलेलं बँक खातं, ही कागदं मे महिन्यातच तयार ठेवा. तहसील कार्यालयाच्या रांगेत ऑगस्ट घालवू नका.

कागदांवरून आठवलं, 'कमवा व शिका'चा अर्जही वेळेवर द्या. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली कराड तालुक्यातल्या काले गावी रयत शिक्षण संस्था सुरू केली आणि १९४७ साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज काढलं. तिथे गरिबांची पोरं श्रम करून शिकली. आज आमच्यासारख्या कॉलेजांत ही योजना म्हणजे रोज थोडा वेळ बागेत, ग्रंथालयात किंवा कार्यालयात काम आणि त्याचा तासावर मोबदला. रक्कम मोठी नसते. पण ग्रंथालयात काम करणारी मुलं पुस्तकांच्या जवळ राहतात, आणि त्यांच्यातली बरीचशी वाचायला लागतात, हे मी वर्षानुवर्षं पाहते आहे.

इंग्रजीची भीती बाळगून कुणी थांबू नये. कला शाखेचे पेपर मराठीतून लिहिता येतात. विज्ञानाचे इंग्रजीतून लिहावे लागतात, पण वर्गात समजावणं मराठीतच होतं. पहिलं सत्र जड जातं. त्या काळात शिक्षकांना पुन्हा पुन्हा विचारा. इथे वर्ग लहान आहे, तुमचा प्रश्न गर्दीत हरवत नाही.

मुलींबद्दल मात्र मला जरा जास्त बोलायचं आहे, कारण तालुक्याचं कॉलेज नसतं तर आमच्या भागातल्या कितीतरी मुलींचं शिक्षण बारावीला थांबलं असतं. वडील सांगतात, "सकाळी एसटीनं जायाचं, दुपारच्याला घरी. एवढं असंल तर शिकू द्या." त्या एवढ्याशा परवानगीवर मुली पदवीधर होतात. पण एक गोष्ट आधी समजून घ्या. अहिल्याबाई होळकर योजनेतला मोफत एसटी पास बारावीपर्यंतच आहे. पदवीच्या पहिल्या वर्षाला आलात की विद्यार्थी सवलतीचा मासिक पास काढावा लागतो. त्यात भाड्याच्या साधारण एक तृतीयांश पैसे भरायचे असतात. रक्कम फार नसते, पण ती न धरल्यामुळे दुसऱ्या महिन्यात यायच्या बंद झालेल्या मुली मला माहीत आहेत. घरात प्रवेशाचा विचार चालू असेल तेव्हाच पासाचे पैसे हिशोबात धरा. आणि शेवटचं लेक्चर कधी संपतं, गावाकडची गाडी कधी सुटते, हे पाहून प्रॅक्टिकलची बॅच मागून घ्या. आम्ही बदलून देतो.

दुसऱ्या वर्षाला लग्न ठरतं, हेही होतं. अशा वेळी मुलगी कॉलेजात येऊन सांगतसुद्धा नाही, नुसती दिसेनाशी होते. नवीन पद्धतीत तुमचे मिळवलेले श्रेयांक, ज्यांना मुलं क्रेडिट म्हणतात, अॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सच्या खात्यात जमा राहतात. पहिलं वर्ष पूर्ण करून जादा ४ श्रेयांकांचं काम केलं तर प्रमाणपत्र मिळतं, दोन वर्षांनंतर तसंच केलं तर पदविका. सोडून गेलात तरी ठरलेल्या मुदतीत परत येऊन, एकूण ७ वर्षांच्या आत पदवी पुरी करता येते. सासर दुसऱ्या तालुक्यात असेल तर तिकडच्या कॉलेजात ते श्रेयांक नेता येतात का, हे आम्ही कार्यालयातून विचारून देतो. म्हणून जायची वेळ आलीच, तर जाण्याआधी विभागात या, तुमचा खातेक्रमांक आणि गुणपत्रिका घेऊन जा, आणि सासरचा फोन नंबर देऊन ठेवा. आईला सोबत आणलंत तर फारच चांगलं, तिच्याशीही मला बोलायचं असतं.