आरएक्स १००चं नवं बोअर: पहिले ४२० किलोमीटर

काकांची १९९३ची यामाहा आरएक्स १००, टू-स्ट्रोक गाडी, दिवाळीपासून खोलून पडली होती. शेवटी सिलिंडर आतून घासून ०.५० मिलिमीटर मोठा, म्हणजे ०.५० ओव्हरसाइज बोअर करून घेतलं. पिस्टन नवा, रिंगा नव्या. मूळचं ५० मिलिमीटरचं बोअर ५०.५ झालं, म्हणजे ९८ सीसीची गाडी हिशेबाने आता १००च्या किंचित वर गेली.

लेथवरून सिलिंडर आला तेव्हा आत होनिंगच्या, म्हणजे शेवटच्या बारीक घासणीच्या, तिरक्या रेघा सुंदर दिसत होत्या. तरी कापसाचा बोळा बोअरमधून फिरवून पाहिला. एक्झॉस्ट पोर्टच्या, म्हणजे धूर बाहेर जाण्याच्या भोकाच्या, वरच्या काठाला पांढरे धागे लटकले. बोअर केल्यावर पोर्टांच्या धारा मोडायच्या राहून गेल्या होत्या. तसाच बसवला असता तर दर फेऱ्याला रिंग त्या धारेवरून गेली असती. परत नेऊन चॅम्फर मारून आणला, बोळा पुन्हा फिरवला, एकही धागा अडकला नाही, तेव्हा कुठे पिस्टन आत घातला. बाण एक्झॉस्टकडे, रिंगांची टोकं पिनांवर.

नव्या रिंगा बोअरमध्ये नीट बसेपर्यंत गाडी जपून चालवायची असते. पहिल्या दिवशी तर हलवलीच नाही. दोन-तीन मिनिटं चालू, मग सिलिंडरवरच्या पात्या (फिन्स) हाताला गार लागेपर्यंत बंद. असं तीनदा. दुसऱ्या दिवशी सकाळी गार इंजिनावर हेडचे नट तिरक्या क्रमाने पुन्हा आवळले. एक नट थोडा फिरला.

पुढचे ४० किलोमीटर पहाटे रंकाळ्याभोवती. अर्ध्याच्या वर रेस नाही, एकाच वेगावर गाडी धरून ठेवायची नाही, आणि टॉप गियरमध्ये धडधडत ओढायची तर मुळीच नाही. इंजिनाला आपोआप तेल देणारा ऑटोल्यूब पंप चालू असला तरी टाकीत लिटरमागे २० मिली टू-टी (टू-स्ट्रोकचं तेल) वेगळं टाकत होतो. पण तेल वाढलं की कार्बोरेटरच्या जेटमधून जाणाऱ्या पेट्रोलचा वाटा तेवढा घटतो आणि मिश्रण लीन होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं. म्हणून पेट्रोल थोडं जास्त जावं यासाठी कार्बोरेटरच्या नीडलची क्लिप एक खाच खाली घेतली. नव्या बोअरला लीन मिश्रणाची उष्णता सोसत नाही.

१५० किलोमीटरला जीव घाबरा झाला. पन्हाळ्याहून वाघबीळकडे उतरताना रोजच्या फोर-स्ट्रोकच्या सवयीने रेस सोडून गाडी गियरवर सोडली. दोन वळणांनंतर आवाज कोरडा झाला आणि मागून कुणी धरल्यासारखी गाडी जड वाटली. क्लच दाबला, कडेला घेतली, अर्धा तास हात लावला नाही. मग किक हाताने दाबली, ती मोकळी गेली. घरी येऊन सायलेन्सर सोडला आणि पोर्टमधून टॉर्च मारला. पिस्टनच्या अंगावर उभी रेघ नव्हती, फक्त एका बाजूला नखाएवढी चकाकी. पिस्टन जाम होता होता वाचला.

फोर-स्ट्रोकवाले मित्र सांगतात की उतारावर इंजिन ब्रेकिंग दिलं की रिंगा छान बसतात. त्यांच्या इंजिनाला तेल संपमधून, म्हणजे खालच्या तेलाच्या साठ्यातून, मिळतं, त्यांचं बरोबर आहे. आपल्या गाडीत पेट्रोल आणि तेल दोन्ही रेसबरोबर येतात. रेस बंद आणि फेरे जास्त, म्हणजे पिस्टन जवळजवळ कोरडा. आता उतारावर क्लच दाबतो किंवा मधूनमधून थोडी रेस देतो.

३०० नंतर टाकीतलं वेगळं तेल बंद केलं, क्लिप जागेवर आणली. प्लग काळपट होता, तो आता चॉकलेटी येतोय. किकला दाब वाढलाय: आधी पाय नुसता ठेवला की खाली जायची, आता मधे थांबते आणि अंग टाकावं लागतं. ४०० ला पहिल्यांदा तिसऱ्यात पाऊण रेस दिली, फक्त चार-पाच सेकंद. अंगावर काटा आला.

आज आकडा ४२०. गियरबॉक्सचं तेल ५०० ला बदलणार, चुंबकावर लोखंडाचा किती कीस येतो ते पाहणार. सगळं ठीक निघालं तर पुढच्या रविवारी गगनबावडा, काकांना घेऊन. ते मागे नाही, पुढे बसणार आहेत.