आयएसओ लहान करा, पण मूळ डिस्क परत मिळेल अशीच करा

दादाने अमेरिकेतून आणलेला गेमक्यूब (निन्टेन्डोचा जुना गेम कन्सोल) अजून जपून ठेवलाय मी, त्याच्या ८ सेंटीमीटरच्या छोट्या सीड्या पण. रविवारी निन्टेन्डोच्याच वी कन्सोलवर क्लीनरिप (डिस्कची कॉपी काढणारं अ‍ॅप) टाकून त्या परत रिप करायला घेतल्या तर प्रत्येक आयएसओ, म्हणजे अख्ख्या डिस्कची एक फाईल, १.४६ जीबी, गेम भलामोठा असो नाहीतर टीचभर. अ‍ॅनिमल क्रॉसिंगचंच घ्या ना, तो मुळात २००१ साली जपानमध्ये निन्टेन्डो ६४ च्या कार्ट्रिजवर आलेला गेम, म्हणजे खरा माल थोडासाच, तरी आयएसओ तेवढीच!

मग वाटतं की झिप करू, उरलेली जागा रिकामीच असणार. पण झिप केल्यावर फारसा फरक पडत नाही, कारण त्या जागेत शून्य नसतात, कुठलाही पॅटर्न न दिसणारे आकडे भरलेले असतात, आणि झिप चालतं पुन्हा पुन्हा येणाऱ्या गोष्टींवर, तिथे काही रिपीटच होत नाही तर दाबणार काय.

कॉलेजात असताना हार्डडिस्क भरली म्हणून मी एक टूल वापरलेलं, ते हा कचरा काढून फायली पुढे सरकवून आयएसओ छोटी करायचं. गेम व्यवस्थित चालले म्हणून मूळ फायली उडवल्या. आता त्यातल्या एकाही फाईलचा हॅश (फाईलच्या बाइटांवरून काढलेला ठसा) रीडंप या मूळ डिस्कचे हॅश जमवणाऱ्या साइटच्या यादीशी जुळत नाही. बाकीच्या सीड्या परत रिप झाल्या, पण एकीवर मधल्या काळात चरे पडलेत आणि ती अर्ध्यात अडकते. याचं मला खरंच खूप वाईट वाटतं, कारण दादा आणि मी सगळ्यात जास्त तोच गेम खेळलोय.

म्हणून आरव्हीझेड. डॉल्फिन इम्युलेटरमध्ये (कॉम्प्युटरवर गेमक्यूब आणि वी चे गेम चालवणारा प्रोग्राम) २०२० साली आलेला हा फॉरमॅट मला फार आवडतो, कारण तो कचरा रँडम दिसत असला तरी ठराविक फॉर्म्युल्याने एका छोट्या बीजातून तयार केलेला असतो, आरव्हीझेड हे ओळखतं आणि फक्त बीज साठवतं, म्हणजे अख्खं शेत साठवण्याऐवजी मूठभर बियाणं. उलटं कन्व्हर्ट केलं की बाइट न बाइट तीच आयएसओ परत! खरा डेटा झेडस्टँडर्ड या कॉम्प्रेशन पद्धतीने दाबला जातो. गेमवर राइट क्लिक, कन्व्हर्ट फाईल, फॉरमॅट आरव्हीझेड, बाकी सेटिंग आहे तसं राहू द्या. अ‍ॅनिमल क्रॉसिंगची फाईल एकदम चिमुकली होते. ज्यात व्हिडिओ ठासून भरलेत ते गेम एवढे कमी होत नाहीत, व्हिडिओ आधीच दाबलेले असतात.

प्लेस्टेशन १ च्या सीडीसाठी सीएचडी घ्या, मेम (MAME) या जुने आर्केड गेम चालवणाऱ्या इम्युलेटरवाल्यांचा फॉरमॅट आहे. सीडीचा एक सेक्टर २३५२ बाइटचा, त्यात गेमचा डेटा साधारण २०४८, उरलेलं बरंचसं एरर करेक्शन वगैरे जे पुन्हा हिशोब करून काढता येतं, म्हणून सीएचडी ते साठवतच नाही, आणि गाण्यांचे ट्रॅक फ्लॅक या काहीही न गमावता दाबणाऱ्या ऑडिओ फॉरमॅटमध्ये टाकतं, त्यामुळे आवाजात काही बिघडत नाही.

फक्त कन्व्हर्ट झाल्याझाल्या आयएसओ डिलीट करू नका प्लीज. आधी डॉल्फिनमध्ये प्रॉपर्टीज, व्हेरिफाय, हॅश रीडंपशी जुळला की मगच.

चरे पडलेली सीडी मित्राच्या वी वर लावून बघणारे पुढच्या शनिवारी, एका ड्राइव्हला वाचता येत नाही ते कधीकधी दुसऱ्याला येतं.