पांढरे ठिपके काढा

परदेशी व्हिडिओ गेमसाठी कॉम्प्युटरवर पेशवाई वाड्याची भिंत करत होते. खाली दगड, वर वीट, शनिवारवाड्याच्या तटासारखी. विटेचं काम तसं निभावलं. सॉफ्टवेअरची तयार वीट जाडजूड आणि एकसारखी असते, आपली जुनी वीट पातळ, तिच्या कडा झिजलेल्या. हाइट मॅपमध्ये, म्हणजे उंचसखलपणा ठरवणाऱ्या चित्रात, झीज चुन्याच्या दरजांपासून सुरू केली. आमच्याकडे बरेच जण वरून भेगांचा ब्रश फिरवतात आणि त्याला जुनेपणा म्हणतात. भिंत नुसती मळकी दिसते.

जीव ओतला होता तो दगडात. सह्याद्रीचा बेसाल्ट नुसता काळा रंग देऊन होत नाही. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हात वायूचे बुडबुडे अडकले, त्यांची भोकं राहिली आणि पुढे कित्येक ठिकाणी ती झिओलाइटसारख्या पांढऱ्या खनिजांनी भरली. म्हणून मी दगडाला रफनेस, म्हणजे खरखरीतपणा, जास्त ठेवला आणि ठिपक्यांना कमी, म्हणजे ऊन तिरकं पडलं की तेवढेच चमकतील. टाकीचे घाव नॉर्मल मॅपमध्ये, म्हणजे पृष्ठभागावर उजेड कसा वळतो ते सांगणाऱ्या चित्रात, प्रत्येक चिऱ्यावर वेगळ्या दिशेने.

टेस्टिंगमधून तिकीट, म्हणजे चुकीची नोंद, आलं: ‘दगडावर पांढरे ठिपके. रेंडरचा नॉइज. काढा.’ नॉइज म्हणजे चित्र तयार होताना चुकून उमटलेले ठिपके.

मी खऱ्या दगडाचे फोटो जोडले. उत्तर आलं, फोटोतही नॉइजच वाटतोय.

राग आला, पण टेस्टर अगदीच चुकीचा नव्हता. मीटरला १०२४ पिक्सेल म्हटलं की दोन-तीन मिलिमीटरचा ठिपका दोन-तीन पिक्सेलचा होतो. कॅमेरा लांबून फिरला की तो खरोखरच लुकलुकतो. त्यावर उपाय आहे: लांबच्या मिपमॅपमध्ये, म्हणजे लांबून दिसताना वापरतात त्या लहान आवृत्तीत, रफनेस वाढवायचा, चमक आपोआप विरते. मी एक दिवस मागितला. लीड म्हणाला, “अगं, कोण बघणार आहे? लेअर बंद कर, तिकीट क्लोज कर.” त्याचं सगळं लक्ष तिकिटांच्या आकड्यावर असतं.

ठिपक्यांचा लेअर बंद केला. तिकडून शाबासकी आली, ‘आता दगड दगडासारखा दिसतो.’ कुठल्या दगडासारखा, ते त्यांनाच ठाऊक. मला तर ती सिमेंटची भिंत वाटते. तरी अजून ठरत नाही: ज्याने हा दगड कधी पाहिलाच नाही, त्याच्यासाठी तो खरा करायचा म्हणजे नेमकं काय करायचं?

काल नवीन तिकीट पडलंय. विटांच्या खालच्या थरांवर पांढरी बुरशी दिसते, काढा. बुरशी नाही, लोणा आहे तो. ओल वर चढली की क्षार बाहेर येतात. तो मी काढणार नाही, असं लीडला सांगितलंय.