दीड वर्ष, दोन बेल्ट आणि न जमलेली मूठ

"भिंतीवर मारलंत का?" एक्स-रे दिव्यासमोर धरून हाडाच्या डॉक्टरांनी विचारलं.

म्हटलं, नाही, पंचिंग बॅगवर. मी कराटे शिकते. ऑरेंज बेल्ट आहे.

त्यावर ते जे हसले, ते हसू माझ्या अजून डोक्यात आहे.

उजव्या हाताच्या करंगळीमागचं, तळव्यातलं हाड, मूठ वळल्यावर वर येणाऱ्या गाठीच्या जरा खाली मोडलं होतं. ह्याला म्हणे 'बॉक्सर्स फ्रॅक्चर' म्हणतात. डॉक्टरांच्या मते नावच चुकीचं, कारण शिकलेल्या बॉक्सरला हे सहसा होत नाही. रागाच्या भरात भिंतीवर नाहीतर कपाटावर हात आपटणाऱ्यांना होतं. म्हणजे दीड वर्ष नेमाने फी भरून मी कपाट बडवणाऱ्यांच्या रांगेत जाऊन बसले.

मुलाला क्लासला सोडून बाहेर कट्ट्यावर बसायचा कंटाळा आला म्हणून चाळिशीत नाव घातलं होतं. क्लास वाईट नव्हता, घामही निघायचा. शाळेच्या हॉलमध्ये पन्नासेक मुलं आणि मागच्या रांगेत मी. इची, नी, सान, शी, गो, असे जपानी आकडे मोजत. सरांची नजर पायांवर. किबा-दाचीत, म्हणजे घोड्यावर बसल्यासारखं पाय फाकवून गुडघे वाकवून उभं राहताना, गुडघा एवढासा वर आला तरी ओरडा बसायचा. पण बेल्टच्या परीक्षेच्या फॉर्मवर रक्तगट, दोन फोटो, पालकाची सही (माझ्यासाठी कोणाची, हे कुणालाच ठरवता येईना, शेवटी नवऱ्याने केली) असं सगळं मागून घेतलं आणि माझी मूठ मात्र एकदाही कुणी हातात घेऊन बघितली नाही. यलो मिळाला, ऑरेंज मिळाला. हवेत मारलेला ठोसा चुकला काय आणि बरोबर आला काय, हवेला काय फरक पडतो?

मग एका रविवारी हॉलच्या कोपऱ्यात चिंध्या भरलेली जुनी बॅग टांगली. अशा बॅगेत चिंध्या खाली बसत जातात, वरचा भाग लुसलुशीत आणि खालचा दगड. मला कुणी हे सांगितलं नव्हतं. मी हात बाजूने फिरवून खालीच एक ठेवून दिला, मनगट खाली दुमडलं आणि सगळा भार करंगळीच्या गाठीवर आला. कळ यायच्या आधी बारीक आवाज आला.

आणि अंगठी! साखरपुड्याची, उजव्या हातातली. तासाभरात बोट एवढं सुजलं की साबणाने निघेना, तेलाने निघेना. शेवटी दवाखान्यात चिमुकल्या चाकाच्या कातरीने ती कापली. तेव्हा बाई असो की बुवा, ठोसा मारायच्या आधी अंगठी काढून ठेवा. हे खरं तर सगळ्यात आधी लिहायला हवं होतं.

साडेतीन आठवडे प्लास्टरच्या पट्टीत गेले. त्याबद्दल लिहिण्यासारखं एवढंच, की डाव्या हाताने कांदा चिरता येत नाही.

पुढे एक काका भेटले. तरुणपणी बॉक्सिंग खेळलेले, आता मैदानाच्या कडेच्या पत्र्याच्या शेडमध्ये पोरांना शिकवतात. पहिलं वाक्य, "ताई, मूठ दाखवा." मी दाखवली. अंगठा बोटांच्या आत. असा अंगठा आतल्या आत मोडतो, हे मला एक्केचाळिसाव्या वर्षी कळलं. त्यांनी माझी बोटं एकेक करून वळवली. आधी बोटांची टोकं बोटांच्या मुळाशी टेकवायची, मग सगळी गुंडाळी तळव्यात ढकलायची, मध्ये पोकळी ठेवायची नाही, आणि अंगठा बाहेरून तर्जनी आणि मधल्या बोटाच्या मधल्या पेरावर आडवा. बाजूने वर काढलेला अंगठाही नको, तो कशाततरी अडकतो. हे सगळं दोन मिनिटांत जमलं.

अडलं ते मनगटावर. आणि किती अडलं!

काकांची युक्ती साधी. बॅगवर खडू चोळायचा, ठोसा मारायचा आणि मग हात बघायचा. पांढरा डाग तर्जनी आणि मधल्या बोटाच्या गाठींवर हवा. माझा करंगळीवर. पुन्हा. करंगळीवर. कधी चुकून मधल्या बोटावर यायचा तेव्हा आनंदाने काकांकडे बघावं, तर ते म्हणायचे, "मनगट बघा." मनगट वाकलेलं. पहिला आठवडा गेला, दुसरा गेला. तिसऱ्या आठवड्यात मी चिडून म्हटलं, हलक्याने मारतेय ना, काय बिघडतंय? काकांनी उत्तर न देता माझी मूठ भिंतीला लावली आणि मागून खांद्यावर नुसता हात ठेवला. मनगट कागदासारखं दुमडलं.

मग त्यांनी कारण सांगितलं, जे मला दीड वर्षापूर्वी ऐकायला आवडलं असतं. तर्जनी आणि मधल्या बोटामागची हाडं मनगटात जवळजवळ पक्की बसलेली असतात, हलत नाहीत. अनामिका आणि करंगळीमागची हलतात. स्वतःच करून बघा, करंगळीची गाठ धरून पुढेमागे करा, मग तर्जनीची. म्हणून जोर पहिल्या दोघींतून सरळ मनगटापासून कोपरापर्यंतच्या हाडात उतरवायचा. मनगट वाकलं की हा रस्ताच तुटतो. मुलाच्या मित्राने लगेच शंका काढली, की विंग चुन नावाच्या चिनी कुंगफूमध्ये तर खालच्या तीन गाठींनी मारतात. मारतात, पण त्यांची मूठ उभी असते, कोपर खाली असतं आणि हात सरळ रेषेत जातो. माझ्यासारखा लाटणं फिरवल्यागत नाही.

त्यानंतर मुलाच्या कंपासपेटीतली पट्टी माझ्या हातावर आली. मुठीच्या पाठीपासून मनगटावरून पुढे ठेवायची, फट दिसता कामा नये. ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत, लोकलची वाट बघताना, मी पट्टी घेऊन उभी. घरी रोज भिंतीला मूठ टेकवून पन्नासपर्यंत आकडे मोजायचे. नंतर चटईवर फक्त दोन गाठींवर हात टेकवून जोर, तेही गुडघे जमिनीला लावून. एवढ्याने मनगट धरायला लागलं, तरी बॅगवर गेलं की पुन्हा तेच. चूक सापडली ती सहाव्या आठवड्यात, मुलाने काढलेल्या व्हिडिओत. मी मूठ सुरुवातीपासूनच आवळून धरत होते, त्यामुळे खांदा उचलला जायचा, कोपर बाहेर जायचं आणि हात गोल फिरायचा. मूठ वाटेत सैल ठेवायची, लागायच्या क्षणी आवळायची. त्या संध्याकाळी खडूचे दोन डाग आले, शेजारी शेजारी, दोन्ही गाठींवर. मी हात न धुता घरी आले आणि सगळ्यांना दाखवला. नवरा म्हणाला, खडू लागलाय.

हाताला गुंडाळायची पट्टी काकांनी तोवर दिली नव्हती. साडेचार मीटरची ती पट्टी आणि वर जाड ग्लोव्ह चढवले की चुकीची मूठही काही दिवस खपून जाते, असं त्यांचं म्हणणं. मला तेव्हा हा निव्वळ हटवादीपणा वाटला होता. आज मी नव्या आलेल्या मुलींना तेच ऐकवते, त्याही तशाच वैतागतात.

मूठ वळली की माझ्या उजव्या हाताला करंगळीची गाठ आता दिसत नाही, तिथे खळगा आहे. दुखत नाही. अंगठी अजून सोनाराकडे नेलेली नाही.

आणि हो, नखं. कापून जा. लांब नखांनी मूठ पूर्ण मिटतच नाही, आणि मिटलीच तर तळव्यात चार चंद्रकोरी उमटतात.