आमची वाटचाल: नसलेली इमारत दाखवण्याचा धंदा

बायकोच्या सॉफ्टवेअरमधल्या नोकरीमुळे आम्ही नाशिकहून एस्टोनियाच्या राजधानीत, टॅलिनला आलो. मी आर्किटेक्ट, पण एस्टोनियन येईना म्हणून काम मिळेना. 2016 मध्ये स्वतःचीच कंपनी काढली. नोंदणी घरबसल्या, ऑनलाइन. दुकानाच्या परवान्यासाठी बाबांनी घातलेल्या खेपा आठवल्या. काम एवढंच: इथली नवी वास्तुकला पायी फिरून दाखवायची.

पर्यटकांना हवं असतं मध्ययुगीन जुनं शहर. पहिल्या नोव्हेंबरात चौघांनी नाव नोंदवलं, आला एक. वर पाऊस, आणि चारच्या आत अंधार. त्याला मी तोम्पेआ टेकडीच्या उतारावरचं ऑक्युपेशन म्युझियम दाखवलं, आता या म्युझियमला वाबामू म्हणतात. नाझी आणि सोव्हिएत ताब्याची कहाणी, पण इमारत काचेची, हलकी. तळघरात स्वच्छतागृहाच्या वाटेवर जुने सोव्हिएत पुतळे उभे होते, तिथे गडी पहिल्यांदा हसला.

2003 मध्ये हे म्युझियम उघडलं तेव्हा त्याच्या आर्किटेक्ट सीरी वाल्नर जेमतेम तिशी ओलांडलेल्या होत्या. सोबत इंद्रेक पेइल. एवढ्या तरुणांना असं काम मिळतं कसं, हे सगळेच विचारतात. इथे सार्वजनिक इमारतींसाठी स्पर्धा होतात. नकाशावर नाव नसतं, फक्त एक सांकेतिक शब्द. नाव बंद पाकिटात. मी पूर्वी जिथे नोकरीला होतो तिथे साहेबांचं नाव आधी छापायचे, नकाशा मागाहून.

वाल्नरांची तार्तूतली लोटे बालवाडीही सहलीत घालून पाहिली. पण मुलं खेळत असताना कुंपणाबाहेर घोळका करून उभं राहणं बरं दिसेना. सोडून दिलं.

जम बसला तो नार्वामुळे. टॅलिनपासून 210 किलोमीटर, नदीपलीकडे रशिया. 1944 मध्ये हे गाव जवळजवळ जमीनदोस्त झालं. टाउन हॉल पुन्हा सावरला, शेजारचा बरोक शैलीतला शेअर बाजार मात्र गेला तो गेलाच. त्या जागी 2012 मध्ये तार्तू विद्यापीठाचं नार्वा कॉलेज आलं. वाल्नर, पेइल आणि कात्रिन कोव, म्हणजे कावाकावा या ऑफिसचं काम. जुनी इमारत त्यांनी परत बांधली नाही. नव्या भिंतीवर तिच्या दर्शनी भागाचा उलटा ठसा ठेवला. हे शब्दांत सांगताना मी दोन वर्षं अडखळत होतो. मग गणपतीत आईने पाठवलेला मोदकाचा साचा पिशवीत टाकला. साचा उघडून समोर धरायचा: मोदक नाही, पण त्याची प्रत्येक कळी दिसते. मग कुणाला काही समजवावं लागत नाही.

एकदा चौकातल्या एका आजींनी रशियनमध्ये विचारलं, "बाकीचं कधी बांधणार?" हा प्रश्न मी आता प्रत्येक गटाला सांगतो.

2020 मध्ये धंदा बंदच होता, बायकोच्या पगारावर तगलो. 2022 मध्ये रशियाने युक्रेनवर हल्ला केला, त्यानंतर सीमेवरच्या नार्वाची मागणी एकदम वाढली. पण पाहुणे कॉलेजकडे पाठ करून नदीपलीकडच्या इवानगोरोदच्या किल्ल्याचेच फोटो काढत बसतात. मी साचा हातात घेऊन थांबतो.